डॉक्टरांचा उपास

नाहूर, मंगळवार, २० मे २०२५

प्रिय शकु हिस, सुगंधाचे अनेक आशीर्वाद.

गावच्या आमच्या हिश्श्याचं पार्सल काल पोचलं. आंबे चार डझन, त्यातले तीन डागी निघाले, ते आजच्या रसात गेले. नारळ अठरा, पैकी एक वाटेत फुटला आणि त्याचं पाणी गोणीत मुरलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ पाच किलो, सगळं नीट. ट्रॅव्हल्सवाल्याने अडीचशे घेतले, मुलुंड चेकनाक्यावरून रिक्षा नव्वद, लिफ्ट बंद म्हणून वर आणायला तीस. एकूण तीनशे सत्तर. कोपऱ्यात कागदाच्या पुडीत तिरफळं होती. ती हिश्श्यात येत नाहीत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसलं तर मी जेवत नाही हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?

दरवर्षी पार्सल येतं, चिठ्ठी येत नाही. मी पोच द्यायला फोन लावते, तू उचलत नाहीस. बारा वर्षं झाली. भावोजी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या की तुझ्या सर्वेशला शाळेसाठी नाहूरलाच ठेवू, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोराला घेऊन गावी गेलीस. सासूबाई आता नाहीत. भांडणातलं अर्धं माणूस गेलं, पण भांडण तू पुरं ठेवलं आहेस. असो. या वर्षी म्हटलं, फोन नको, पत्र टाकू. पत्र काही कापता येत नाही.

इकडची गंमत सांगते. हर्षदच्या कंपनीने सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या काढल्या. साकीनाक्याला ऑफिस, रात्रपाळी, सकाळी सहाला घरी येतो. गेल्या गुरुवारी जाताना म्हणाला, "आई, उद्या माझं फास्टिंग आहे हां." आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी! मला वाटलं, सत्ताविसाव्या वर्षी का होईना, गणपतीने बुद्धी दिली. पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हाताने, बटाट्याची भाजी, केळं, साखर घालून दूध. तो झोपेत डोलत आला, ताट पुढे केलं, खाल्लं आणि आडवा झाला. आठ वाजता रक्त घ्यायला लॅबची मुलगी आली. किम्बर्ली नाव, मुलुंडच्या गावठाणातली, आपल्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलते.

"काकी, उपाशी हाय ना तो?"

"कडक उपास," मी म्हटलं. "चंद्रोदयाला सोडणार."

तिने कपाळावर हात मारला असता तर बरं झालं असतं. पण ती बिचारी म्हणाली, "देवाचं करतो म्हणजे पोरगा चांगला हाय," आणि सुई टोचली.

रिपोर्टात सगळं लाल. आम्ही डॉक्टर गार्गीकडे गेलो. वयाने हर्षदएवढीच असेल. तिने विचारलं, रात्रभर काही खाल्लं नव्हतं ना? मी म्हटलं, छे, फक्त खिचडी. तिने रिपोर्ट उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "काकू, डॉक्टरांचा उपास वेगळा. त्यात फक्त पाणी." हर्षद खुर्चीतून घसरेस्तोवर हसला. ह्यांनी तर घरी येताना जिलबी घेतली, की बघा, रोग नव्हताच, साबुदाणाच होता.

पुन्हा तपासायला सांगितलं आहे, तपासू सवडीने.

एक मात्र तिने विचारलं आणि त्यासाठीच लिहिते आहे. सख्ख्या नात्यात कोणी कमी वयात हृदयाने गेलं का? हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, भावोजी, आणि वय सांगितलं. हे म्हणाले, त्याला गॅस झाला होता. डॉक्टरीण म्हणाली, "काका, एकोणचाळिसाव्या वर्षी गॅसने कोणी मरत नाही."

शकु, त्याआधी महिना-दोन महिने भावोजींना काही होत होतं का? छातीत, हातात, दमायचे का? आठवेल ते लिही. घाई नाही.

तुझी,
सुगंधा


नाहूर, गुरुवार, १२ जून

प्रिय शकु हिस, आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देऊन मी गप्प बसले होते.

मागच्या पत्रात सवडीने तपासू असं लिहिलं, ते खरं सांगायचं तर आम्ही टाळत होतो. आंबे होते ना. पण मला रात्री त्या लाल ओळी दिसायच्या. शेवटी मुहूर्त मी धरला. गेल्या शुक्रवारी निर्जला एकादशी होती. हर्षदला म्हटलं, मी पाण्याचा थेंब घेणार नाही, तू पाण्याशिवाय काही घेऊ नकोस, म्हणजे माझ्या देवाचा आणि तुझ्या डॉक्टरांचा, दोघांचाही होईल. त्याने आदल्या रात्री सुट्टी घेतली. नऊला जेवला, नंतर काही नाही. सकाळी किम्बर्ली दारातून ओरडली, "काकी, खिचडी?" मी म्हटलं, "ये आत, त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघ!"

साबुदाणा नव्हता, शकु. थोडा असेल, पण सगळा नव्हता. साखर अजून मधुमेहाची नाही, पण उंबऱ्यावर आहे. रक्तातली चरबी दुप्पट. चांगलं कोलेस्ट्रॉल असतं म्हणे एक, ते हवं तेवढं नाही. ब्लडप्रेशर एकशे बेचाळीस. आणि कंबर. पॅन्ट तो बत्तीसचीच घालतो, पण ती पोटाच्या खाली बांधतो. डॉक्टरीणबाईंनी टेप बेंबीवरून फिरवला तर अडतीसच्या वर गेला. हातपाय बघशील तर काड्या. म्हणून तर मी बारीक बारीक म्हणून तुपाची धार धरायची.

ह्या सगळ्याला मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. ती म्हणाली, "काकू, हे पाच जण आहेत. एकटादुकटा आला तर पाहुणा. तिघं जमले की मुक्काम ठोकतात आणि हृदयाच्या नळ्या आतून खराब करत बसतात. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही."

मी म्हटलं, पाच पांडव म्हणजे.

"कौरव म्हणा," ती म्हणाली. "पण अजून युद्ध लागलेलं नाही. तुम्ही लवकर आलात."

आणि मग तिने हर्षदची कॉलर खाली केली. त्याची मान तुला आठवते? सातवी-आठवीपासून मागून काळी. दर दिवाळीला उटणं लावताना मी त्या मानेवर माझा जीव काढायची. डाळीचं पीठ, लिंबाची साल, एकदा काथ्यानेसुद्धा घासली, पोर रडलं होतं. आंघोळ नीट करत नाही म्हणून कितीदा बोलले असेन. डॉक्टरीण म्हणाली, हा मळ नाही. शरीरात साखरेला आवरणारं जे असतं ते नीट लागू पडेनासं झालं की काहींची मान, काख अशी काळी जाड होते. साबणाने जाणार नाही, पोट उतरलं की आपोआप फिकी होईल.

त्या क्षणी मला काय आठवलं सांगू? माघात वेंगुर्ल्याला आपल्या नात्यातल्या प्रांजलचं लग्न झालं, त्याचे फोटो तिच्या आईने पाठवले होते. तुझा सर्वेश पंगतीत वाढताना वाकला आहे. केवढा झाला गं! उंची भावोजींची, हसणंही तेच. आणि मान हर्षदची. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, ह्यांना दाखवला. सावली असेल म्हणाले. हॉलमध्ये एवढे दिवे, सावली कुठून येईल?

तेवीस वर्षांचा आहे तो. बापाचं रक्त आहे. कुडाळला मोबाइलच्या दुकानात दिवसभर बसून असतो असं प्रांजलची आई म्हणाली. त्याला घेऊन जा. सरकारी दवाखान्यात होतं सगळं. रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत फक्त पाणी. चहा नाही, देवळातला प्रसाद नाही, अर्धं केळं नाही. माझ्यासारखं करू नकोस. ब्लडप्रेशर बघायला सांग आणि कंबर बेंबीवर मोजायला सांग.

रागावलीस तरी चालेल, पण ने.

सुगंधा


नाहूर, मंगळवार, ८ जुलै

प्रिय शकु,

तुझं उत्तर मिळालं. स्वतः लिहिलं नाहीस, सर्वेशकडून हर्षदच्या मोबाइलवर आलं. "माझ्या झिलाक काय झाला नाय. तुमचा तुमी बघा. आनि माझ्या पोराच्या फोटोक नजर लावूची नाय." शब्द तुझेच, मी आवाजासकट वाचले. एवढ्या वर्षांनी तुझी शिवी आली, मला बरं वाटलं. हे म्हणाले, अपमान झाला. मी म्हटलं, अपमान कसला, बोलली तरी.

नजरेचं म्हणशील तर मीठ-मोहऱ्या मीही ओवाळते. हर्षदवरून दर अमावास्येला ओवाळल्या. मोहऱ्या तडतडल्या, ब्लडप्रेशर तिथेच. रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं ते तू घाल, मी इथून हात जोडते. पण देवाने डॉक्टर काय उगाच केले?

इकडे रोज तमाशा आहे. हर्षदचं रात्रपाळीचं खाणं बंद केलं, म्हणजे मी बंद केलं, त्याने कितपत केलं देव जाणे. डब्यात भाकरी, मुगाची उसळ, काकडी देते. परवा डबा परत आला, धुतलेला! माझ्या पोराने जन्मात डबा धुतला नाही. विचारलं तर म्हणतो, "आई, स्वच्छता." मी म्हटलं, "भाकरी कोणाला घातलीस?" तर वॉचमनला घालून स्वतः खालच्या गाडीवर शेजवान फ्रँकी खाल्ली म्हणे. मग माझं तोंड सुटलं. तर तोही ओरडला, "मी म्हातारा आहे का? माझे मित्र सगळे असेच आहेत, त्यांच्या आयांना काही पडलेलं नाही!" आणि दार आपटून झोपला. संध्याकाळी उठला. चहा घेताना, साखर नको म्हणाला. मी दुसरीकडे बघत बसले, नाहीतर त्याने माझे डोळे पाहिले असते.

आता तो कामाला जाताना कांजूरमार्गला उतरून थोडं चालतो, मग बस धरतो. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो म्हणून कुरकुरतो. मी म्हटलं, नाक दाब, पाय उचल.

आता खरी गोष्ट. सर्वेशने हर्षदला सांगितलं की आईला सांगू नकोस. हर्षदने मला सांगितलं की काकीला सांगू नकोस. मी तुला सांगते आहे, दोघांच्या शिव्या मी खाईन. देवळाच्या पायऱ्या चढताना सर्वेशला मध्ये थांबावं लागतं. सोबतचे पुढे जातात, हा चपलेचा पट्टा लावायचं निमित्त काढतो. पोरं हसतात म्हणून त्याने जाणंच सोडलं. तुला वाटत असेल की देवाधर्माचं वेड गेलं.

मी डॉक्टर गार्गीला विचारलं. ती म्हणाली, तेवीस वर्षांचा आहे, बहुतेक वजनाने आणि बसून बसून असेल. पण बापाचं ऐकल्यावर मी "बहुतेक"वर सोडणार नाही, या महिन्यात दाखवा. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत.

तू मला काही म्हण. बारा वर्षं बोलली नाहीस, आणखी बारा नको बोलूस. पण पोराला विचार, पायऱ्यांवर काय होतं.

सुगंधा


नाहूर, बुधवार, १३ ऑगस्ट

माझी शकु,

काल अंगारकी होती. मी देवापुढे बसले होते, फोन वाजला. नाव बघून माझ्या हातून आरतीचं तबक सुटलं, अख्ख्या खोलीत कुंकू. मी "शकु" म्हटलं. तू म्हणालीस, "वैनी, त्यांची दाढ दुखायची." आणि ठेवलास. नंतर मी सात वेळा लावला, तू उचलला नाहीस. पण आज सकाळी सर्वेशचा फोन हर्षदला आला आणि बाकीचं कळलं. त्याला तू परवा रात्री सगळं सांगितलंस म्हणे. भावोजींचा डावा जबडा दुखायचा, स्टेशनचा जिना चढताना जास्त, थांबलं की कमी. तुम्हाला वाटलं दाढ. तू लवंगेचं तेल लावायचीस, मग भांडून भांडून दातवाल्याकडे नेलंस. त्याने दाढ काढली. दुखणं राहिलं तसंच, आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले. आणि सर्वेशला तू म्हणालीस की मी तुझ्या बाबांची चांगली दाढ उपटून घेतली आणि त्यांना मरू दिलं.

शकु, हे तू एकटीने इतकी वर्षं उरावर घेऊन बसलीस? सासूबाई "गॅस" म्हणायच्या तेव्हा तू मान खाली घालायचीस, ती ह्यासाठी?

मी आजच अकरा वाजता डॉक्टर गार्गीकडे गेले. नंबर नव्हता, बसून राहिले. दाढेचं सांगितलं. तिचं लिहिणं थांबलं. म्हणाली, "काकू, चढताना दुखतं, थांबल्यावर राहतं, ते दात नाही. ते हृदय होतं. जबड्यात येतं कधीकधी." मी विचारलं, माझ्या जावेला कळायला हवं होतं का? ती म्हणाली, "दातवाल्याला कळलं नाही, तिला कुठून कळणार?" आणि मग हळू म्हणाली, "पण तिने आता सांगितलं हे फार चांगलं केलं. यामुळे दोन्ही मुलांची फाइल बदलते." हर्षदला तिने कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू केली, जी ती आधी सहा महिने थांबून बघणार होती. म्हणजे ऐक, तुझ्या एका वाक्याने माझ्या मुलाचं औषध बदललं. तू भावोजींना डॉक्टरकडे न्यायला भांडलीस गं. चुकीच्या दारात नेलंस, पण नेलंस. आम्ही तर कोणीच नेलं नाही. आम्ही जिन्यात थांबलेले भावोजी बघून म्हणायचो, आला आळशी.

सर्वेशचं कळलं. तू विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग रडला. सोमवारी कुडाळला जाताय. शाबास. रविवारी रात्री लवकर जेवायला घाल. ब्लडप्रेशर बघतील तेव्हा त्याला आधी पाच मिनिटं बसू दे, जिना चढून गेल्या गेल्या नको. छातीचा आलेख काढायला सांग, ईसीजी. आणि बापाचं वय आणि दाढ, दोन्ही तू सांग. सर्वेशवर सोडू नकोस, तो लाजेल आणि गॅस सांगून येईल.

लागलंच तर इथे घेऊन ये. हर्षदची खोली आहे, तो दिवसा झोपतो, रात्री रिकामी असते. ह्यांनी तुझ्यासाठी पंखा दुरुस्त करून घेतला, मला न विचारता. विचारलं तर म्हणाले, तसाच घेतला.

एकच मागणं. रिपोर्ट आला की त्यावर जे असेल ते लिही, आकड्यासकट. "सर्व ठीक आहे" एवढंच लिहू नकोस. भावोजी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात गावाला गेलेल्या पत्रातही आपण दोघींनी मिळून तेच लिहिलं होतं. वाईट असेल तर वाईट लिही. चांगलं असेल तरी लिही, मी देवापुढे पेढा ठेवीन आणि तो कोणालाच खाऊ देणार नाही.

मंगळवारपासून पोस्टमनची वाट बघते, उलट टपालाने कळव. फोन केलास तरी चालेल, पण या वेळी लगेच ठेवू नकोस.

तुझी,
वैनी